प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या केंद्रातल्या स्टाफला काय शिकवावं, आणि कसं?

प्रश्न असा आलाय: कोल्हापुरात काही पालक मिळून १८ वर्षांपुढच्या बौद्धिक दिव्यांग मुलामुलींचं दिवसभराचं केंद्र चालवतात. २२ जण येतात. दोन विशेष शिक्षिका, तीन मदतनीस ताई, गाडीवर एक ड्रायव्हर आणि आठवड्यातून दोनदा येणारे फिजिओथेरपिस्ट, एवढा स्टाफ. एका देणगीदारानं स्टाफच्या प्रशिक्षणासाठी पैसे दिलेत. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांचं शिबिर घ्यावं का, विषय कोणते, वक्ते कुठून आणावेत आणि शेवटी प्रमाणपत्र देता येईल का?

शिबिर घेऊ नका, हे पहिलं उत्तर. तेच पैसे वर्षभर तुकड्या-तुकड्यांनी खर्च करा आणि प्रशिक्षण केंद्र चालू असताना, मुलं समोर असताना घ्या. सुट्टीत तर मुळीच नको, कारण ज्यांच्याबरोबर काम करायला शिकायचं तीच माणसं त्या दिवशी घरी असतात.

आपल्याकडची शिबिरं कशी होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग पहिलं सत्र 'व्याख्या, कारणे व प्रकार'. पडद्यावर आयक्यू म्हणजे बुद्ध्यांक ५० ते ६९ सौम्य, ३५ ते ४९ मध्यम, २० ते ३४ तीव्र, त्याखाली अतितीव्र असा तक्ता. जेवणानंतर वर्तन समस्या, तोवर निम्मी सभा पेंगुळलेली. आणि मदतनीस ताई कुठं असतात? बहुतेक वेळा चहाच्या ट्रेबरोबर. पाहुण्यांना चहा त्यांनीच द्यायचा असतो, त्यामुळं ज्यांना सगळ्यात जास्त शिकायची गरज आहे त्या सत्राच्या मधेच उठून जातात. तुमच्या केंद्रात एका मुलाच्या दिवसाचा हिशोब मांडून बघा. शिक्षिकेबरोबर त्याचा वेळ किती जातो आणि जेवण, संडास, हातपाय धुणं, गेटवर वाट बघणं, गाडीत बसणं यांत किती जातो? हे सगळं मदतनीस आणि ड्रायव्हरच्या हातात आहे. डी.एड. विशेष शिक्षण झालेल्या तुमच्या शिक्षिका कृतीचे टप्पे पाडणं, वैयक्तिक कार्यक्रम आखणं हे दोन वर्षं शिकून आल्यात. मदतनीस ताईंना कुणी काही सांगितलेलं नसतं, आणि तरीही संध्याकाळी 'आज असं का वागला' हे त्यांनाच विचारलं जातं. म्हणून खर्चाचा मोठा भाग त्या तिघींवर आणि ड्रायव्हरवर करा.

थिअरीला अर्धा तास पुरे. बौद्धिक अक्षमता ही विकासाच्या काळातच दिसू लागते. ती फक्त आयक्यूवर ठरत नाही. रोजच्या व्यवहारात माणूस किती पार पडतो, हेही तितकंच पाहिलं जातं (म्हणून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आयक्यूच्या जोडीला सामाजिक परिपक्वतेची चाचणी घेतात, जिचं भारतीय रूप नागपूरच्या मालिन यांनी केलं). तो आजार नव्हे, त्यामुळं त्यावर गोळी नाही. गोळी असते ती फिट्ससाठी, थायरॉइडसाठी किंवा सोबत मानसिक आजार असेल तर त्यासाठी. एवढं समजलं की पुढं चला. 'मानसिक वय' हा प्रकार मात्र अजिबात शिकवू नका. अहवालात 'मानसिक वय ५ वर्षे' असं वाचलेल्या ताई ३२ वर्षांच्या माणसाला 'आमचं बाळ' म्हणतात, त्याच्याकडून टाळ्या वाजवत बालगीतं म्हणवून घेतात आणि तो चिडला की 'हट्टी झालाय' म्हणतात. ३२ वर्षं जगलेल्या माणसाला ३२ वर्षांचा अनुभव असतो. कुणाचं लग्न झालं, कोण वारलं, घरात आपल्यावरून कोण भांडतं, हे सगळं त्याला कळतं.

आता प्रशिक्षण कशाचं, ते एका ताटावरून सांगते. दुपारची वेळ, ताटात भाकरी, आमटी, भाजी. समोर पंचविशीचा एक जण. उजव्या हातात थोडा ताठरपणा आहे, डाव्यानं पकड चांगली आहे. शेजारी बसलेली ताई भाकरी कुस्करते, आमटीत कालवते आणि घास भरवते. मी विचारलं, स्वतः खातो का? उत्तर तयार होतं: "न्हाई मॅडम, सगळं सांडतंय त्येचं. आनि येळ किती लागतोय! मागं तिघं हाईत की." ताईचं चुकत काहीच नव्हतं. तिला तासाभरात इतक्या जणांची जेवणं उरकायची होती, वर सांडलेलं पुसायचंही तिनंच. अशा वेळी 'त्याला स्वावलंबी बनवा' असं व्याख्यान दिलं तर ती मान डोलावणार आणि उद्या परत भरवणार.

त्याऐवजी असं केलं. ताट बदललं: काठ उभा असलेलं, खाली ओलं फडकं, म्हणजे ताट सरकत नाही. ताट किंचित डावीकडं घेतलं. भाकरी तिनंच मोडायची, पण घास उचलून तोंडात त्यानं घालायचा. आणि फक्त पहिले पाच घास, बाकीचं जेवण पूर्वीसारखंच. मी आधी स्वतः बसून दाखवलं, मग तिला बसवलं आणि बाजूला थांबले. तिचा हात दर दोन सेकंदांनी पुढं जायचा. "मनात दहा आकडे मोजा, मगच हात लावा," एवढंच मी सांगत होते. सहाव्या-सातव्या आकड्याला त्याचा हात हलायचा. तो मंद आहे म्हणून नव्हे, तर ऐकलेलं समजून घ्यायला आणि स्नायूंपर्यंत पोचवायला त्याला तेवढा वेळ लागतो म्हणून. हा वेळ देणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य. ते सांगून येत नाही, कुणी तरी शेजारी थांबून करवून घ्यावं लागतं.

याला नाव काहीही द्या. ब्रिटनमध्ये ॲक्टिव्ह सपोर्ट म्हणून जी पद्धत आहे तिच्यात वर्गातल्या सत्राबरोबर प्रत्येक कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष कामाच्या जागी, त्याच माणसाबरोबर काम करताना बघून लगेच दुरुस्ती सांगतात, आणि नुसत्या वर्गापेक्षा हा भाग जास्त टिकतो असाच सगळीकडचा अनुभव आहे. क्रम साधा आहे: थोडक्यात सांगायचं, करून दाखवायचं, करायला लावायचं, लगेच एक गोष्ट चांगली आणि एक गोष्ट बदलायची सांगायची. एकच. पाच चुका सांगितल्या की ताई दुसऱ्या दिवशी तुम्हाला बघून आत निघून जाते.

मदतीच्या पायऱ्या मात्र सगळ्यांना तोंडपाठ हव्यात. आधी थांबणं, मग खूण किंवा वस्तूकडं बोट, मग दोन-तीन शब्दांची सूचना, मग करून दाखवणं, आणि सगळ्यात शेवटी हाताला हात. आपल्याकडं उलटं होतं: आधी हात धरला जातो आणि तोंडानं एकाच वेळी चार सूचना सुरू असतात. "आरं चप्पल घाल की, गाडी आल्या, डबा घेतलास का, तिकडं कुठं चाललास?" यातली नेमकी कुठली ऐकायची? एका वेळी एकच. आणि नवीन कृती शिकवताना शेवटच्या टप्प्यापासून मागं यायचं. टी-शर्ट घालायचा तर डोकं आणि दोन्ही हात तुम्ही घाला, पोटावरून खाली ओढायचं काम त्याचं. ते जमलं की एक बाही त्याची. असं केल्यानं प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. पहिल्या टप्प्यापासून सुरुवात केली तर कॉलरमध्ये अडकूनच त्याचा धीर सुटतो.

दुसरी गोष्ट रजिस्टरची. यासाठी बाहेरचा वक्ता लागत नाही. मागच्या महिन्याची दैनंदिनी काढा, सगळ्यांना गोल करून बसवा आणि एक पान मोठ्यानं वाचा. 'आज खूप त्रास दिला.' 'दिवसभर हट्टीपणा.' 'मूड नव्हता.' यातलं एकही वाक्य डॉक्टरांना, पालकांना किंवा उद्याच्या तुम्हालाच उपयोगाचं नाही. आता तीच नोंद अशी लिहून घ्या: '११.४०. स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली. दोन्ही कानांवर हात ठेवले. दोन मिनिटांनी शेजारच्याला ढकललं. ताईंनी बाहेर नेलं, बाकावर बसवलं, शांत झाला.' आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. अशा आठ-दहा नोंदी एकाखाली एक आल्या की तुमच्या लक्षात येईल: ढकलणं जेवणाआधी होतंय, आवाजानं होतंय, आणि ढकललं की त्याला बाहेरच्या शांत बाकावर जायला मिळतंय. म्हणजे उपायही समोर आला. भांडी वाजायच्या आधीच त्याला बाकावर जायचं का विचारा, आणि 'बाहेर' यासाठी एक खूण किंवा चित्र शिकवा. ज्या ताईंना लिहिता येत नाही त्यांनी फोनवर बोलून रेकॉर्ड करावं. शिक्षिकेनं संध्याकाळी उतरवून घ्यावं. त्यांच्याच नोंदी बऱ्याचदा सगळ्यात नेमक्या असतात, कारण 'ॲग्रेसिव्ह', 'हायपर' हे शब्द त्यांच्याजवळ नसतात.

वागणं अचानक बदललं तर आधी शरीर तपासायचं, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. ज्याला बोलून सांगता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं. कानशिलावर हात आपटणं कानातल्या पुवामुळं असू शकतं, जेवण ढकलून देणं किडलेल्या दाढेमुळं, संध्याकाळचा आरडाओरडा चार दिवसांच्या बद्धकोष्ठतेमुळं. डॉक्टरही इथं फसतात: 'हे त्यांच्यात असतंच' म्हणून तपासणी न करता झोपेची किंवा शांत करायची गोळी दिली जाते. डाउन सिंड्रोम असलेल्यांचं थायरॉइड, ऐकणं आणि नजर दरवर्षी तपासून घ्यायला हवं. त्यांच्यातला एखादा चाळिशीत येऊन रोजचा रस्ता विसरायला लागला, जमणारी कामं सोडायला लागला, तर त्याला आळशी ठरवू नका. या मंडळींत स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा फार लवकर येतो. संडासची नोंद ठेवायला ताई लाजतात. ती का ठेवायची हे एकदा नीट समजावलं की लाज जाते.

फिट्सचं प्रशिक्षण ड्रायव्हरसकट सगळ्यांना, दर सहा महिन्यांनी, जमिनीवर चटई टाकून प्रत्यक्ष. चांगले शिकलेले लोकही ऐनवेळी कांदा फोडतात, चप्पल हुंगवतात, दातखिळीत चमचा घालतात. चमच्यानं दात तुटतात आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. करायचं ते एवढंच: घड्याळ बघायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवायच्या, हातपाय दाबून धरायचे नाहीत, झटके थांबले की कुशीवर वळवायचं, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीसुद्धा द्यायचं नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा एक थांबून शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर १०८. आणि दुपारचा डोस केंद्रात असेल तर तो कुणी द्यायचा, याचं एकच नाव ठरवा. 'मला वाटलं तिनं दिला' यातूनही फिट्स येतात.

शरीराच्या विषयावर शिबिरांत कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. अंघोळ, कपडे बदलणं, पॅड बदलणं यात मदत लागणाऱ्या मुलींना बाईच मदत करेल आणि दार लोटलेलं असेल, हे ठरवून टाका. मुलांनाही हेच लागू. हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं आणि त्यानं मान हलवेपर्यंत थांबायचं. ही सवय घरातल्या-केंद्रातल्या माणसांनीच लावली नाही, तर उद्या बाहेरच्या कुणी हात लावला तेव्हा तो चुकीचा आहे हे त्या मुलीला कशावरून कळावं? तिला तर आयुष्यभर 'गप उभी राहा' हेच शिकवलेलं असतं. पाळीचं प्रशिक्षण पाळी यायच्या कितीतरी आधी सुरू करता येतं: चड्डीला पॅड लावणं, लाल रंग टाकलेलं पॅड ओळखून काढणं, कागदात गुंडाळणं, डब्यात टाकणं, हात धुणं. बहुतेक सौम्य आणि मध्यम गटातल्या मुलींना यातलं बरंचसं जमतं. हे शिकवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत की काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलंय. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली, आणि कारण दिलं गेलं ते पाळीच्या स्वच्छतेचं. त्यानंतर २००९ साली चंदीगडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही, असं स्पष्ट केलं. तुमच्या केंद्रातले सगळे प्रौढ आहेत. हा निकाल दोन्ही शिक्षिकांनी आणि पालक समितीनं वाचलेला असावा.

केंद्राबाहेरचे लोकही प्रशिक्षणात आणायला हवेत, आणि इथं कायदा तुमच्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४७ मध्ये पोलीस, न्यायाधीश, वकील, प्रशासकीय अधिकारी, पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षणात दिव्यांग हक्कांचा विषय सक्तीचा केलाय. डॉक्टर, नर्स, शिक्षक, आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्या अभ्यासक्रमातही दिव्यांगत्वाचा समावेश करायला सांगितलंय. कागदावरचं राहू द्या. तुम्ही तुमच्या भागातल्या तीन-चार ठिकाणांपासून सुरुवात करा. जिथं मुलं खरंच जातात तिथं: केएमटीचा (महापालिकेच्या बसचा) थांबा, बँकेची शाखा, जवळचा दवाखाना, पोलीस ठाणं.

डॉक्टरांना भाषण नको असतं, त्यांना एक पान द्या. प्रत्येक मुलासाठी एका पानावर: कसं बोलतो, 'हो' आणि 'नाही' कसं सांगतो, दुखलं की काय करतो, कशाला घाबरतो (बीपीच्या पट्ट्याला, पांढऱ्या कोटाला, कापसाच्या वासाला), कोणती औषधं, कशाची ॲलर्जी. सीपीआरच्या (इथल्या सरकारी रुग्णालयाच्या) ओपीडीत गर्दीत तासभर थांबून भेदरलेल्या माणसाला तपासणं कुणालाच जमत नाही. हे पान दाखवून नंबर आधी मागायचा, हे ताईंना शिकवा. घरच्या डॉक्टरांना एवढीच विनंती करा: प्रश्न आधी त्याला विचारा, मग आईला. त्यानं उत्तर दिलं नाही तरी चालेल.

बँकेत बहुतेक भांडण सहीवरून आणि पालकत्वावरून होतं. तुमच्या शिक्षिकांना दोन्ही वाटा माहीत हव्यात: नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून मिळणारं कायदेशीर पालकत्व, आणि २०१६ च्या कायद्यातलं कलम १४, ज्यात एका विशिष्ट निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून चालणारं मर्यादित पालकत्व आहे. सरसकट सगळ्यांच्या पालकत्वाचे कागद करून घ्यायची घाई पालक करतात. ज्याला स्वतःचे पाचशे रुपये काढता येतात त्याला ते काढू द्या. पालकत्वाचा कागद पेटीत राहील.

पोलिसांबाबत एकच मुद्दा. लैंगिक गुन्ह्यात पीडित व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या दिव्यांग असेल तर तक्रार तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, विशेष शिक्षक किंवा दुभाष्याच्या उपस्थितीत नोंदवायची आणि तिचं व्हिडिओ चित्रण करायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. १८ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या पॉक्सो कायद्यातही, कलम ३८ मध्ये, साक्ष नोंदवताना न्यायालयानं विशेष शिक्षकाची मदत घ्यायची तरतूद आहे. म्हणजे उद्या ठाण्यातून फोन तुमच्या शिक्षिकेलाच येऊ शकतो. तिनं तिथं काय करायचं? प्रश्न सोपा करून द्यायचा, खुणा समजावून सांगायच्या, विश्रांती मागायची. उत्तर सुचवायचं नाही, 'असं झालं ना गं?' असं तर कधीच नाही, कारण आपल्या मुलांना मोठ्या माणसाला 'हो' म्हणायची सवय लावलेली असते आणि त्या एका 'हो'नं खटला उलटतो. याची तालीम वकिलाला बोलावून खोट्या प्रसंगावर करून घ्या. ही फी खर्चायला हरकत नाही.

कोल्हापूरसाठी एक वेगळं सत्र लागतं ते पुराचं. मे महिन्यातच घ्या. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेनं काय केलं ते सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण निवारा केंद्रात रोजचा क्रम मोडलेल्या, अनोळखी आवाजात अडकलेल्या माणसाला कसं सांभाळायचं, हे कुणी शिकवत नाही. प्रत्येकाची एक प्लास्टिकची बंद पिशवी: पंधरा दिवसांची औषधं, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) प्रत, ते एक पान, आवडीची एखादी वस्तू, कानावर घालायला टोपी. शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या गावांतून येणारी मुलं असतील तर त्यांच्या घरी जाऊन हे करा. आणि ड्रायव्हरला ठरवून द्या, पाणी किती फुटांवर गेलं की फेरी बंद आणि मुलं दुपारीच घरी.

शिकवणार कोण? तुमच्या शहरात विशेष शाळांत आयुष्य घालवलेली निवृत्त माणसं आहेत, त्यांना आठवड्यातून अर्धा दिवस बोलवा. विशेष शिक्षण किंवा वाचा-उपचार शिकवायला जो येईल त्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आधी मागा. १९९२ च्या कायद्यानं ती नोंदणी बंधनकारक आहे. तीन महिन्यांत आयक्यू वाढवून देतो म्हणणाऱ्याला मात्र चहासुद्धा विचारू नका.

आणि प्रशिक्षकांत तुमच्याच केंद्रातले दोघं-तिघं हवेत. ज्यांना थोडंफार बोलता येतं त्यांना विचारा: कोणती ताई मदत करते तेव्हा बरं वाटतं? कुणी काय केलं की राग येतो? त्यांची उत्तरं स्टाफनं त्यांच्या तोंडूनच ऐकावीत, आणि त्या तासाचं मानधन पाकिटात घालून त्यांच्या हातात द्यावं. ही माझी हौस नव्हे. ब्रिटनमध्ये ऑलिव्हर मॅक्गोवन हा बौद्धिक अक्षमता असलेला १८ वर्षांचा मुलगा २०१६ साली वारला. त्यानं आणि त्याच्या आईवडिलांनी नको सांगितलेलं मानसोपचाराचं औषध रुग्णालयात त्याला दिलं गेलं होतं. त्याच्या आईच्या लढ्यातून २०२२ च्या कायद्यानं आरोग्य आणि काळजी सेवेतल्या कर्मचाऱ्यांना बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझमविषयीचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, आणि त्याच्या नावानं चालणाऱ्या अभ्यासक्रमात बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती स्वतः शिकवायला उभी असते.

पैशांचं गणित असं मांडा. महिन्यातून दोन अर्धे दिवस बाहेरचा प्रशिक्षक, मुलं हजर असताना. मधल्या दिवसांत एक शिक्षिका रोज पंधरा मिनिटं एका ताईबरोबर थांबेल, दुसरं काहीही न करता. यासाठी तिचा एक तास कमी करावा लागला तर करा. हे पंधरा मिनिटांचं थांबणं गेलं की प्रशिक्षक आला काय नि न आला काय. काम करतानाचा व्हिडिओ काढून ताईंना स्वतःलाच दाखवणं फार उपयोगी पडतं, पण पालकांची आणि मुलाची परवानगी घेऊन, केंद्राच्याच फोनवर, आणि बघून झाल्यावर खोडून. अंघोळ-संडासचा कधीच नाही. आणि कितीही सुंदर झाला तरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा नाही. उरलेल्या पैशांतून मदतनीसांचा पगार वाढवा, हे मी गांभीर्यानं सांगतेय. शिकवून तयार केलेली ताई शिरोळी एमआयडीसीत दोन हजार जास्त मिळाले की जाते, आणि तिच्याबरोबर तुमचं सगळं प्रशिक्षणही जातं.

कामाच्या बाबतीत एक टोचणी. आपल्या केंद्रांत पणत्या रंगवणं, पाकिटं करणं यापलीकडं गाडी जात नाही. कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं भरायला माणसं लागतात. ताणकाट्यावर हिरवी खूण करून पाव किलो तोलायला शिकवणं हे आठवड्याभराचं काम आहे, आणि त्यातून ताईंनाही टप्पे पाडण्याचा सराव मिळतो. मजुरी ज्याची त्याला द्यायची, केंद्राच्या खात्यात जमा करायची नाही.

राहिलं प्रमाणपत्र. तुमच्या संस्थेच्या शिक्क्याचं उपस्थितीचं प्रमाणपत्र जरूर द्या, ताईंना त्याचं अप्रूप असतं. पण त्यावर 'विशेष शिक्षक' किंवा 'थेरपिस्ट' असं काही छापू नका. ती पात्रता मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातूनच मिळते. तीन ताईंपैकी एखादी दहावी-बारावी झालेली असेल आणि तिला पुढं शिकायचं असेल, तर काळजीवाहकांच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची फी देणगीतून भरा आणि त्या काळातला पगार चालू ठेवा. बाकी दोघींच्या प्रमाणपत्रावर विषयांची यादी नको. 'अमुक मुलाला स्वतःच्या हातानं जेवायला शिकवलं', 'अमुक मुलीला पॅड बदलायला शिकवलं' असं लिहा, पालकांना विचारून. पुढच्या नोकरीत त्यांना ते दाखवता येईल.